राखणदाराचे दात

श्रोतेहो, मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, घोड्यांचा बाजार भरतो. यात्रा एकमुखी दत्ताची; पण लांबलांबून माणसे येतात ती दत्ताच्या दर्शनाइतकीच घोडे पाहायला. या बाजारात फेरफटका मारताना एक गोष्ट हमखास दिसते. गिऱ्हाईक घोड्याभोवती एक चक्कर टाकते, पाठीवरून हात फिरवते, आणि मग मालकाला म्हणते, "जरा तोंड उघडा पाहू." ओठ वर केला जातो, पुढचे दात बघितले जातात, आणि त्यानंतरच भावाची गोष्ट निघते. बैलाचेही तसेच. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, हे ज्याला दातांवरून सांगता येत नाही त्याने बैलबाजारात जाऊच नये, असे आमचे आजोबा म्हणत.

आता त्याच बाजारात, घोडेवाल्यांच्या राहुट्यांखाली, दोन-चार कुत्री अंग मुडपून पडलेली असतात. रात्रभर त्या लाखमोलाच्या जनावरांची राखण करतात ती हीच. त्यांचे तोंड उघडून पाहणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असलेली तसबीर आपल्या घराघरांत आहे. उदबत्ती ओवाळताना आपण त्यांनाही ओवाळतो. पण दारातल्या कुत्र्याला किती दात असतात, असे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. मीही पाहिले असते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते.

आमच्या घरी मोती नावाचा एक गावठी कुत्रा आहे. रंगाने तांबूस, अंगाने काटक, स्वभावाने थोडा तापट. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याखाली एक गाठ उठली. मला वाटले गांधीलमाशी चावली असेल. आईने हळद उगाळून लावली. सूज उतरली, आम्ही विसरलो. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, आणि या वेळी फुटून तिच्यातून पू वाहू लागला. जखम बांधली, मलम लावले, ती भरली आणि पुन्हा फुटली. भाकरी तो एकाच बाजूने चावत होता, तुकडा तोंडातून खाली पाडत होता, हे सारे आम्ही बघत होतो. पण डोळ्याखालची सूज आणि भाकरीचा तुकडा यांचा संबंध असेल, हे आम्हां शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात आले नाही. शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखमेकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ वरचा ओठ उचलला आणि मला म्हणाले, "सर, हे बघा."

मी पाहिले. वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी दाढ तपकिरी किटणाने मढली होती. हिरडी लालभडक होऊन मागे सरली होती. दाढ तडकलेली होती आणि वास तर असा, की मी दोन पावले मागे आलो. या दाढेला तीन मुळे असतात आणि ती थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत जातात. मुळाशी पू झाला की तो वाट काढतो ती डोळ्याखाली. म्हणजे आम्ही जिथे हळद लावत होतो तिथे दुखणे नव्हतेच. दुखणे खालच्या मजल्यावर आणि हळद वरच्या, असा प्रकार. भूल देऊन ती दाढ काढावी लागली. आठवड्याभरात मोती पूर्वीसारखा भुंकू लागला. त्या दिवसापासून मी त्याचे दात घासतो.

हे ऐकून काही श्रोते हसले असतील. हसू द्या. आमच्या घरात पहिली हसली ती माझी आईच. ती म्हणाली, "माणूसले दात घासाले येळ नही, आन् तू कुत्राना दात घासस!" शेजाऱ्यांनी तर मुलांना मुद्दाम बोलावून हा सोहळा दाखवला. पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देता यावीत म्हणून मी थोडे वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि जे कळले ते आज सांगतो.

कुत्र्याला जन्मतः दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात, ते एकूण २८. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात, आणि सहा-सात महिन्यांचे पिल्लू होईपर्यंत पक्के ४२ दात आलेले असतात. माणसाला ३२, कुत्र्याला ४२. समोरचे बारीक दात बारा, सुळे चार, बाकीच्या सव्वीस दाढा, लहान आणि मोठ्या मिळून. यांतली बहुतेक दाढ आपल्यासारखी दळण्यासाठी नसते. वरची आणि खालची अशा दोन मोठ्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरतात आणि मांस कापतात. कुत्रा हाड खाताना मान वाकडी करून तोंडाच्या बाजूने का चावतो, त्याचे कारण हे.

कुत्र्याचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, निदान फारच क्वचित किडतात. त्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते, साखरही त्याच्या खाण्यात कमी. पण त्याच लाळेचा दुसरा गुण उलटा आहे. दातावर अन्नाचा आणि सूक्ष्म जंतूंचा जो पातळ, बुळबुळीत थर बसतो, तो लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो. विहिरीच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर चढतो ना, तसेच हे किटण. थर मऊ आहे तोवर नुसत्या फडक्याने निघतो. एकदा दगड झाला की ब्रशचे काही चालत नाही. किटणाच्या कडेला जंतू घर करतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते, मग हाड झिजते आणि दात हलतो. तीन वर्षांपुढच्या बहुसंख्य कुत्र्यांच्या हिरड्यांत हा दोष थोडाफार आढळतो, असे पशुवैद्य सांगतात. कुत्रा मात्र सांगत नाही. दात दुखतो म्हणून तो जेवण सोडत नाही. उपाशी राहणे त्याच्या जातीला परवडणारे नाही. दुखण्यावर तो जेवतो.

इथे एक प्रश्न हटकून येतो. सातपुड्यातला कोल्हा, लांडगा, बिबट्या यांचे दात कोण घासते? कोणी नाही, हे खरे. पण लांडगा किती वर्षे जगतो, हेही विचारायला हवे. रानातले जनावर पाच-सहा वर्षांत बहुधा संपलेले असते, आणि दात गेले की त्याची शिकार जाते आणि शिकारीबरोबर तेही जाते. आपला कुत्रा बारा-चौदा वर्षे दारात राहावा अशी आपली इच्छा असते. दुसरा मुद्दा हाडांचा. हाड चघळले की दात आपोआप साफ होतात, असा समज सर्वत्र आहे. थोडे किटण निघतही असेल. पण टणक हाडाने ती मोठी दाढच तडकते. मोतीची तशीच तडकली असावी. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या तर सुयांसारख्या कपच्या होतात, त्या घशात आणि आतड्यात रुततात.

आता कृती. ती सोपी आहे, पण घाईची नाही.

पहिल्या दिवशी ब्रश हातात घेऊच नका. कुत्रा जेवून, फिरून शांत बसला असेल तेव्हा त्याच्या बाजूला बसा. समोर उभे राहून त्याच्यावर वाकू नका, त्याला ती धमकी वाटते. गालावरून हात फिरवा, बोलत बोलत एका बाजूचा ओठ क्षणभर वर उचला आणि सोडून द्या. भाकरीचा एक तुकडा द्या. झाले, एवढेच. चार-पाच दिवस एवढेच. मग बोटाला स्वच्छ सुती फडके गुंडाळा, पाण्यात बुडवा आणि बाहेरच्या बाजूने दातांवरून फिरवा. मांसाहारी घर असेल तर उकडलेल्या कोंबडीच्या पाण्यात फडके बुडवले तर कुत्रा स्वतःच तोंड पुढे करतो. मात्र ते पाणी तिखट-मीठ न घातलेले हवे, आणि कांदा-लसूण मुळीच नको, ती कुत्र्याला बाधते. आपला खानदेशी रस्सा या कामाचा नाही!

फडक्याची सवय झाली, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ब्रश आणा. लहान मुलांचा, मऊ केसांचा, अगदी स्वस्तातला चालतो. पूर्वी माणसांच्या ब्रशाला डुकराचे केस असत. नायलॉनचे केस आले ते १९३८ साली, अमेरिकेत. तेव्हा जनावराचा केस आपल्या तोंडात चालत होता, तर आपला ब्रश जनावराच्या तोंडात चालायला हरकत नसावी. फक्त तो त्याचा वेगळा ठेवा. जबडा उघडण्याची गरज नाही. तोंड मिटलेलेच राहू द्या, ओठ उचला, ब्रश दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरपा धरा आणि हलक्या हाताने बारीक वर्तुळे काढा. आतली बाजू जिभेने बरीचशी साफ राहते. सुरुवात सुळ्यांपासून करा, मग मागे त्या मोठ्या दाढेकडे या. लाळेची नळी तिच्याजवळच उघडते, म्हणून किटण सर्वांत जास्त तिथेच. मागच्या दाढा सोडून समोरचे दात चकचकीत करण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू मिळून दीड-दोन मिनिटे पुरतात. कुत्रा कंटाळण्याआधी थांबा. रोज जमले तर उत्तम. नाही तर एक दिवसाआड तरी. आठवड्यातून एकदा घासणे म्हणजे किटण दगड झाल्यावर त्याला आंघोळ घालणे.

आपली टूथपेस्ट कुत्र्याला लावू नका. आपण चूळ भरून थुंकतो, कुत्रा गिळतो. तिच्यातले फ्लोराइड आणि फेसाचे द्रव्य त्याच्या पोटात जाते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर कुत्र्याला विषच आहे. त्याने रक्तातली साखर एकाएकी उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. कुत्र्यांसाठी वेगळी पेस्ट मिळते, शहरात जाणे झाले तर आणा. नाही आणली तरी बिघडत नाही. काम ब्रशाच्या घासण्याने होते, पेस्टने नव्हे. मीठ नको, खाण्याचा सोडा नको, आणि मिस्री तर चुकूनही नको. तंबाखू भाजून केलेली ही मिस्री आपल्या भागात बायामाणसे दातांना लावतात. त्यांच्यासाठीच ती घातक आहे, कुत्र्याला तर तंबाखू सरळ विषारी. जमलेले किटण चाकूने किंवा नखाने खरवडू नका. ते डॉक्टरांचे, भूल देऊन करायचे काम आहे.

आणि रक्त आले, तोंडाला घाण वास येऊ लागला, कुत्रा एका बाजूने चावू लागला, डोळ्याखाली सूज आली, तर ब्रश बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आमच्यासारखी हळद लावत बसू नका.

श्रोतेहो, आता जे सांगणार आहे ते ब्रशाइतके हलकेफुलके नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा होतो. तेव्हा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. आमच्या शेतावर एक सालदार होता. कुत्र्यांचा त्याला फार लळा. कापूस वेचणीचे दिवस होते. शेतावरच्या कुत्र्याचा खालचा जबडा लोंबू लागला, तोंडातून लाळेची धार लागली, पाणीही गिळता येईना, आवाज घोगरा झाला. तो कोणाच्या अंगावर आला नाही, कोणाला चावला नाही. नुसता कोपऱ्यात बसून होता. सगळे म्हणाले, घशात हाड अडकले. सालदाराने त्याला मांडीवर घेतले आणि घशात हात घालून हाड शोधले. हाड नव्हतेच. दोन दिवसांनी कुत्रा मेला. त्याला आम्ही बांधावर पुरले आणि सालदार डोळे पुसत घरी गेला. दीड महिन्याने तो स्वतः आजारी पडला. पाणी पुढे केले की त्याचा घसा आवळून येई. त्याला कुत्रा चावला नव्हता. पण कापसाच्या बोंडांनी त्याची बोटे ओरबाडलेली होती, आणि तेवढे पुरले. आमच्या घरातल्या कोणाला तेव्हा हे समजले नाही, आणि समजले तेव्हा उशीर झाला होता.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावत सुटलेला, दिसेल त्याला चावणारा, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. रेबीजचे दुसरे रूप असे मुके असते. घशात हाड अडकल्यासारखे दिसणे ही त्याची ओळख. म्हणून, ज्या कुत्र्याचा जबडा एकाएकी लोंबू लागला, गिळता येईना, लाळ गळू लागली, त्याच्या तोंडात हात घालू नका. त्याला कोंडा, मुलांना दूर ठेवा, डॉक्टरांना बोलवा. आणि दात घासायचे ते फक्त आपल्या घरच्या, ओळखीच्या, लस टोचलेल्या कुत्र्याचे. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस आधीच लाळेत विषाणू आलेला असू शकतो, म्हणून लशीवाचून ब्रश नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी. तुमच्या हाताला जखम असेल त्या दिवशी दात घासणे राहू द्या.

चावा घेतला, ओरबाडले, किंवा लाळ जखमेला लागली, तर पहिली गोष्ट साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. चुना नको, हळद नको, तिखट नको. नंदुरबारची मिरची पथारीवर शोभते, जखमेत नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पुष्कळ लोक अजून 'पोटातल्या चौदा इंजेक्शनां'ना भितात आणि म्हणून दवाखाना टाळतात. ती जुनी लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आताची लस दंडाला टोचतात, मोजक्या वेळा. मात्र एकही हप्ता चुकवायचा नाही, आणि जखम खोल असेल तर जखमेतही औषध टोचावे लागते. १८८५ साली पाश्चरने नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस पहिल्यांदा टोचून वाचवले. १९०० साली कसौलीला आपल्या देशातली पहिली पाश्चर संस्था निघाली. कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केला आहे. एवढे सारे झाल्यावरही एकदा लक्षणे दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, ही गोष्ट तशीच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर घरे डोंगरउतारावर लांबलांब विखुरलेली असतात आणि प्रत्येक घराला कुत्रा असतो. बिबट्याची चाहूल पहिल्यांदा लागते ती त्यालाच. तुमच्या वर्गातली मुले याच कुत्र्यांच्या अंगावर लोळत मोठी होतात. कुत्र्याने ओरबाडले तर मार बसेल या भीतीने मूल घरी सांगत नाही. शाळेत मात्र सांगते, जर गुरुजी रागावणार नाहीत अशी त्याची खात्री असेल तर. तेवढी खात्री द्या. दात घासण्याचे काम मुलांवर सोपवू नका, ते मोठ्यांनीच करावे. पण ओठ उचलल्यावर काय दिसते ते मोठ्यांच्या शेजारी उभे राहून मुलांनी जरूर पाहावे. ४२ पर्यंत मोजायला पहिली-दुसरीच्या मुलांना चांगले जमते.

मोतीचे आता एकेचाळीसच भरतात. गेल्या महिन्यात मी दोन दिवस परगावी होतो. परत आलो तेव्हा तो ओट्यावर आईच्या पायाशी पडला होता, आणि त्याचा ब्रश कोनाड्यात ओलाच होता. मी काही विचारले नाही, आणि आईनेही काही सांगितले नाही.